काडी वाळलेली हवी

वर्तमानपत्रात अधूनमधून मथळा येतो, अमक्या पक्षाचा तमक्याशी काडीमोड. चहा पिता पिता मी तो वाचते आणि माझं डोकं फिरतं. सहा महिन्यांनी हेच दोन पक्ष पुन्हा एका व्यासपीठावर गळ्यात गळे घालून उभे असतात. मग मोडली काय होती तुमची काडी? रुसलो म्हणा, फाटलं म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण ज्याला मागे फिरायचं आहे त्याने हा शब्द तोंडात घेऊ नये.

ओळखीतल्या एका शिकलेल्या मुलीने मला एकदा विचारलं, "काकू, काडी म्हणजे आगपेटीची का हो?" संसाराला काडी लावायची, असं काहीतरी तिच्या मनात होतं. मला हसू आलं. तिचा तरी काय दोष? तिने काडी मोडताना कधी पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. माझीच मोडली.

आमच्या शिरूरकडच्या, घोडनदीच्या काठच्या गावांत नवरा-बायकोचं कायमचं तोडायचं असलं तर कोर्टाची पायरी कुणी चढत नसे. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसत. मुलीच्या बापाने एक काडी आणून जावयाच्या हातात द्यायची. जावयाने ती सगळ्यांसमोर मोडायची. एवढंच. त्यानंतर ती बाई दुसऱ्या कुणाशी पाट लावू शकत असे, पण त्याच नवऱ्याच्या घरी पुन्हा नांदायला जाऊ शकत नसे. मुलगा असला तर तो बापाकडे. ह्यात वाद नव्हता, कुणी घालतही नसे.

काडीच का, असं मी लहानपणी आमच्या भावकीतल्या आबांना विचारलं होतं. अशा बैठकांना त्यांना मानाने बोलावत. ते म्हणाले, "अगं, आपल्यात लिवता-वाचता येत हुतं कुणाला? कागुद फाटतो, जळतो, दुसराबी लिवता येतो. काडीचा आवाज येतो. कट्. चार जणांच्या कानांत त्यो गेला म्हंजी मग न्हाई कोण म्हणंल?" म्हणून काडी वाळलेली हवी. ओली काडी वाकते, सालीला लोंबत राहते, आवाज करत नाही. तुरीची वाळकी काडी सगळ्यात चांगली.

पण ज्यांनी ही चाल पाडली त्यांनाही माणसं माहीत होती. जावयाने काडी हातात घेतली की दोन्ही बाजूंपैकी कुणीतरी पुढं होऊन त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं." बहुतेक बैठका तिथंच मिटत. मग चहा होई, मुलगी डोळे पुसत सामान बांधायला घेई. काडी दाखवायची असे, मोडायची नसे. निदान माझ्या वडिलांची तरी तीच समजूत होती.

मला पाटसच्या बाजूला दिली होती. सासरी ऊस होता, आणि नवरा गळिताच्या दिवसांत साखर कारखान्यावर कामाला जाई. भला माणूस होता. त्याच्याविषयी वाईट बोलायचं ठरवलं तरी मला काही सापडणार नाही, आणि तेच तर दुःख आहे. दुष्काळ नुकताच सरला होता, कालव्याला पाणी होतं, घरात दूध होतं. माझा मुलगा भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. तेवढ्यात आईचा हात मोडला. विहिरीवर पाय घसरून पडली. घरी दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून आप्पा, म्हणजे माझे वडील, मला न्यायला आले.

नेमकं तेव्हा ओसरीवर माझे चुलत सासरे, तात्या, बसलेले. फार थट्टेखोर माणूस. लग्नात त्यांनी आमच्या वऱ्हाडाची इतकी फिरकी घेतली होती की लोक पोट धरून हसले होते. ते आप्पांना म्हणाले, "काय पाव्हणं, मोलकरीण मिळंना व्हय तिकडं? लेकीला न्यायला आलाय ते?" सगळे हसले. व्याह्यांची थट्टा करायचीच असते. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

निघताना मी मुलाला कडेवर घेतलं, तर सासूबाईंनी माझ्याकडून काढून घेतलं. "उन्हातान्हाचं त्याला कशाला हिंडवतीस? अंगावरचं तोडायचंच हाय. तुझ्या मागं आपसूक तुटंल. चार दिसांत तर येशील." मला ते पटलं. त्या काही वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या. एसटीत बसले तेव्हा दूध दाटून छाती दुखायला लागली होती, पदराखाली चोळी भिजली होती. आप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते.

आईचा हात बरा झाला. मी सासरी जायची वाट बघू लागले, आणि इथूनच सगळं बिघडलं. आप्पा म्हणाले, "मी आणाय गेलो हुतो. आता न्ह्यायाला त्यांनी यावं. मोलकरणीला पोचवाय कुणी जातं व्हय?" तिकडून निरोप आला, "घिऊन गेले त्यांनी आणून घालावं." बस्स. दोन्ही घरांत मला कुणी नको म्हणत नव्हतं. आप्पांना मी सासरी जायला हवी होते, सासरच्यांना यायला हवी होते. मधे शिरूर ते दौंड एसटीचा रस्ता होता आणि त्या रस्त्यावर आधी पाऊल कुणी टाकायचं एवढाच प्रश्न होता. ह्या प्रश्नावर महिनेच्या महिने गेले. दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीला तरी जावई येईल म्हणून आईने करंज्या राखून ठेवल्या होत्या. त्या वास येईपर्यंत डब्यात राहिल्या.

मी तेव्हा वेडी व्हायचीच बाकी होते. शेजारचं पोर रडलं की मी हातातलं काम टाकून उठायची. शेवंतीची फुलं तोडताना मनात हिशोब चालायचा, आता दात किती आले असतील, आता पाऊल टाकत असेल, आता बोलत असेल. पहिला शब्द काय बोलला असेल? कुणाला विचारणार? आईला म्हटलं की आई रडायची, आप्पांना म्हटलं की ते चप्पल घालून बाहेर जायचे. देवाला इतकं बोलले आहे त्या दिवसांत की आता त्याच्याकडे मागायला तोंड नाही.

शेवटी एका बाजारच्या दिवशी मी शिरूरला फुलं घेऊन गेले, पाटी शेजारच्या मावशींच्या हवाली केली आणि दौंडच्या गाडीत बसले. कुणाला विचारलं नाही. दौंडला उतरून पाटसकडची गाडी धरली. दुपारी सासरच्या अंगणात उभी राहिले तेव्हा सासूबाई डाळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"कोण आलंय सोडाय?"

"कुणी न्हाई. मीच आले."

त्यांनी सूप खाली ठेवलं. नवरा कारखान्यावर गेलेला होता. त्यांनी मला पाणी दिलं, चहा केला. मग त्या जवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "असं कुणी येतं व्हय गं? ठिऊन घेतली तर लोक म्हणतील बापानं हाकलली. तुझाच मान जाईल. जन्मभर कुणीबी उठून तोंडावर बोलंल, आपल्या पायानं आली म्हणून. बापाला घिऊन ये. मी सोता ववाळून घेते तुला."

त्या मनापासून बोलत होत्या. मला आजही राग आणायचा म्हटला तरी त्यांचा येत नाही. त्यांनाही असंच कुणीतरी ओवाळून घेतलं असणार.

मी म्हटलं, "पोराला बघू द्या."

तो आत गोधडीवर झोपला होता. केवढा लांब झाला होता! मी खाली वाकले, तशी त्यांनी माझा दंड धरला. "उठवू नको गं बाई. तुझ्यासाठनं रडायचं आत्ता कुठं थांबलंय."

मी त्याला उठवलं नाही. नुसता त्याच्या तळपायाला हात लावला. मी गेले तेव्हा ते पाय लोण्यासारखे होते. आता तळवा खरखरीत लागला, टाचेला माती होती. तो चालायला लागला होता, अंगणभर अनवाणी धावत होता, आणि त्यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं. तशीच उठले आणि गाडी धरायला निघाले. रस्ताभर मला धड काही दिसत नव्हतं.

मी जाऊन आल्याचं आप्पांना कळायचं ते कळलंच. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आपल्या पायानं गेलीस आन् आपल्या पायानं परत आलीस? माझं नाक कापलंस ते कापलंस, आन् त्यांनी दारातनं माघारी धाडली?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निरोप धाडला की बैठक घेऊ, काडी मोडू.

आई त्यांच्या पाया पडली. आप्पा तिला बाजूला घेऊन म्हणाले, आणि मी ते चुलीपाशी बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं, "खुळी का काय तू? काडी मोडायची कुणाला हाय? काडी बघितली की येतील वळणावर. कुणीतरी हात धरतंच."

ते आले. नवरा, सासूबाई, चुलत सासरे. सासूबाईंच्या कडेवर माझा मुलगा होता. त्याला टोपडं घातलं होतं, डोळ्यांत काजळ होतं. मी धावतच पुढं झाले, हात पसरले, आणि त्याने सासूबाईंच्या मानेत तोंड खुपसून भोकाड पसरलं. सगळ्यांदेखत. सासूबाई म्हणाल्या, "अरं बघ की, कोण हाय?" तो काही बघेना. मी आतून गुळाचा खडा आणला. तो त्याने हात लांब करून घेतला आणि पुन्हा तोंड लपवलं.

अंगणात घोंगडी टाकली होती. आबा मधे बसले. बायका आम्ही दारात. थोडा वेळ पाऊसपाण्याचं, उसाच्या तोडीचं बोलणं झालं. मग आबा म्हणाले, "बोला पाव्हणं, न्हेता का पोरीला?" चुलत सासरे म्हणाले, "आणून घातली तर ठिऊन घिऊ की." आप्पा म्हणाले, "न्ह्यायाला आलात तर धाडू की." सगळ्यांना सगळं हवं होतं हो! पण कुणी एक शब्द इकडचा तिकडं करीना. आबांनी मान हलवली. "मग आणा काडी."

आप्पांनी आईला हाक मारली. काडी तिने आणली. मी ती तिच्या हातात पाहिली. कडुलिंबाची होती, दात घासायला तोडतो तशी, हिरवीगार, रस निघेल अशी ओली. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. पदर पुढे ओढून परत येऊन उभी राहिली.

आप्पांनी ती नवऱ्याच्या हातात दिली. दिली आणि थांबले. मला दिसत होतं ते कशाची वाट बघताहेत. पलीकडून कुणीतरी हात पुढं करेल. तिकडचे आमच्याकडे बघत होते. तेही थांबले होते. नवऱ्याने दोन्ही हातांत काडी धरून वाकवली. त्याचे अंगठे सैल होते, हे मी शपथेवर सांगते. काडी धनुष्यासारखी वाकली आणि तशीच राहिली. मधे जराशी साल फाटली, बाकी काही नाही. आवाज आला नाही.

आबांच्या तोंडावर हसू आलं. दारातल्या बायकांनी श्वास सोडला. आईने माझा हात इतका गच्च धरला की बांगडी वाढली. नवराही हसला, माझ्याकडे पाहून हसला. कितीतरी महिन्यांनी आमची नजरानजर झाली. मिटलं होतं. आता कुणीतरी नुसतं "चला, चहा ठेवा" म्हणायचं राहिलं होतं.

आणि चुलत सासरे म्हणाले, "काय हो पाव्हणं, तुमच्यात काडीबी धड मिळंना?"

थट्टाच होती. चांगल्या मनाने केलेली. गाडं रुळावर आलं असं त्यांना वाटलं आणि सवयीप्रमाणे त्यांनी व्याह्यांना टोमणा मारला. सगळे हसले. आबासुद्धा हसले.

आप्पा उठले. आमच्या अंगणाला तुरकाट्यांचं कुंपण होतं. तिथं जाऊन त्यांनी एक काडी उपसली, करकरीत वाळलेली, आणि ती नवऱ्याच्या पुढे धरली. "ही घ्या. ही धड हाय. मोडा आता. का तेवढाबी जोर न्हाई?"

नवऱ्याचं हसू गेलं. तरणाताठा माणूस, चारचौघांत सासऱ्याने ताकदीवरून डिवचलेला. मी ओरडले, "आप्पा, नका!" मी नक्की ओरडले, कारण त्यानंतर कितीतरी वेळ माझा घसा दुखत होता. पण माझ्या ओरडण्यातच तो आवाज झाला. कट्.

केवढासा आवाज. पापड मोडावा एवढा. हसणारी माणसं हसता हसता थांबली. नवरा हातातल्या दोन तुकड्यांकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याच कुणी त्याच्या हातात ठेवले होते. चुलत सासरे अर्धवट उठले, हात पुढे करून. हात धरायचाच होता त्यांना. थट्टा आधी करून घेतली.

आबांनी डोळे मिटले. मग रीतीप्रमाणे त्यांना विचारावं लागलं, "ऐकलं का समद्यांनी?" त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा एकाने खाली मान घालून म्हटलं, "ऐकलं."

सगळ्यात आधी कोण कोसळलं असेल तर आप्पा. मटकन घोंगडीवर बसले आणि आबांचे पाय धरले. "आबा, माझं टकुरं फिरलं हुतं. काय तरी करा. दंड घ्या माझ्याकडनं. काय सांगाल ते करतो. उद्याच्याला मी सोता पोचवून येतो लेकीला." जे वाक्य त्यांनी दिवाळीच्या आधी म्हणायचं, ते आता म्हणत होते. आबा म्हणाले, "आता काय करायचं असतं का लेका? ती काडी हाय." आणि ते रडले. इतका म्हातारा माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहिला.

आईने दुपारी त्या ओल्या काडीचं काय केलं कोण जाणे. मला नंतर कुठं दिसली नाही.

पाहुण्यांनी आमच्याकडे पाणीही घेतलं नाही, काडी मोडलेल्या घरचं घेता येत नव्हतं. ते दौंडच्या गाडीसाठी फाट्यावर गेले, आणि मी त्यांच्या मागोमाग गेले. मला कुणी अडवलं नाही. आता कोणत्या मानाला जपायचं होतं? फाट्यावर नवरा जरा बाजूला उभा होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला न्ह्यायाचं ठरवूनच आलो हुतो. आईनं ववाळायची तयारी करून ठिवलीय घरी. मला वाटलं, तुझा बाप हात धरंल."

मी म्हटलं, "त्यांना वाटलं तुमचे तात्या धरतील."

आमच्या पायांशी रस्त्याची धूळ होती, समोर कुणाच्या तरी मळ्यात मोटार चालू होती. मुलगा सासूबाईंच्या कडेवर बसून मघाचा गूळ चोखत होता. मी त्यांना म्हटलं, "एकदा द्या." त्यांनी दिला, लगेच दिला. त्याने क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, आणि घाबरून आजीकडे झेप घेतली. मी सोडला. रडवून काय करणार होते?

गाडी आली. ते चढले. सासूबाई खिडकीपाशी बसल्या, त्यांच्या मांडीवर तो. मी खाली खिडकीला हात लावून उभी राहिले. कंडक्टरने घंटी मारली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, आणि ते म्हणता येत नव्हतं. आता मी त्याची कोण, हे त्यांनी त्याला काय म्हणून सांगायचं? शेवटी त्यांनी त्याचा हात आपल्या हातात धरला, खिडकीबाहेर काढला आणि म्हणाल्या, "टाटा कर, बाळा. मावशीला टाटा कर."

तो हसला. बोटं गुळाने चिकट झाली होती, ती त्याने उघडली, मिटली, आणि मी ऐकलेला त्याचा पहिला शब्द बोलला. "मावशी," तो म्हणाला, "टाटा."

मी पण हात हलवला. गाडी वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिले, त्याला वाईट वाटू नये म्हणून.